उन्हाळ्यात लॅपटॉप तापतो तेव्हा : घरातला एकच लॅपटॉप कसा सांभाळावा?

गेल्या मे महिन्यातली दुपार. आमच्या घरात कूलर सुरू होता, तरी भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. मुलगी गादीवर लॅपटॉप ठेवून नीटची सराव परीक्षा देत होती. अर्धा पेपर झाला आणि आवाज आला, "अम्मी, फिर बंद हो गया!" त्या आठवड्यातली ही चौथी वेळ होती.

एका दुकानात दाखवला. दुकानदाराने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. "मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या," म्हणाला. नवा घ्यायचा म्हणजे मुलीच्या शिकवणीचे पैसे तिकडे वळवायचे. घरात दोन दिवस त्यावरच बोलणं चाललं. मग ओळखीच्या एका मेकॅनिकने आमच्यासमोर लॅपटॉप उघडला. आतल्या पंख्याच्या तोंडाशी धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा थर जमला होता, बोटाएवढ्या जाड वातीसारखा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती. तासाभराचं काम आणि काही शे रुपये खर्च. तोच लॅपटॉप आजही सुरू आहे.

आम्ही शिक्षक आहोत, मेकॅनिक नाही. पण या प्रकरणानंतर आम्ही याविषयी वाचलं, जाणकारांना विचारलं, घरी आणि शाळेत करून पाहिलं. आपल्या अनेक घरांत एकच लॅपटॉप असतो आणि त्यावर मुलांचा अभ्यास, प्रवेशाचे अर्ज, कोणाचं सेवा केंद्र, कोणाचं व्हिडिओ एडिटिंग असं सगळं चालतं. तो बंद पडला की घरातल्या तिघाचौघांचं काम अडतं. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

थोडक्यात सांगायचं तर

- लॅपटॉप गादी, रजई, उशी, सतरंजी यांवर ठेवून वापरू नका. खाली कडक आणि सपाट जागा हवी.
- जड काम पहाटे किंवा सकाळी करा. दुपारी १२ ते ५ हलकं काम ठेवा.
- वर्षातून एकदा, उन्हाळा लागण्याआधी, आतली धूळ काढून घ्या.
- चार्जर लावून जड काम करताना चार्जरही मोकळ्या हवेत ठेवा.
- बॅटरी फुगली असेल तर लॅपटॉप त्याच क्षणी बंद करा. पुन्हा चार्ज करू नका.
- थंड करण्यासाठी फ्रिज, बर्फ किंवा ओला कपडा कधीही वापरू नका.

आपल्याकडेच जास्त का तापतो?

लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही. बहुतेक कंपन्या लिहितात की हे यंत्र साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावं. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. वैनगंगेच्या पलीकडचं ब्रह्मपुरी आणि तिकडे चंद्रपूर ही नावं दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतात. पारा ४५ च्या वर जाणं इथे नवलाचं नाही. आरमोरी, वडसा, गडचिरोली त्याच पट्ट्यात येतात. म्हणजे आपण लॅपटॉप अशा हवेत चालवतो, जी कंपनीने गृहीतच धरलेली नाही.

यामागचं गणित सोपं आहे. लॅपटॉपमध्ये बर्फ नसतो, गॅस नसतो. आत तांब्याची नळी, पातळ पत्र्यांची जाळी आणि एक छोटा पंखा असतो. प्रोसेसरची उष्णता नळीतून जाळीपर्यंत येते आणि पंखा खोलीतली हवा त्या जाळीतून फुंकतो. म्हणजे खोलीतली हवा जेवढी थंड, तेवढाच लॅपटॉप थंड होणार. समजा २५ अंशांच्या खोलीत जड काम करताना प्रोसेसर ८५ अंशांवर जातो. हा खोलीपेक्षा ६० अंश जास्त झाला. तेच काम ४३ अंशांच्या खोलीत केलं तर ढोबळ हिशेबाने तो १०३ अंशांवर जायला हवा. पण आजच्या लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा साधारण ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. लॅपटॉप 'स्लो' होतो, अडखळतो. तरीही तापमान आटोक्यात आलं नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी तो थेट बंद होतो.

म्हणून दुपारी बंद पडणारा लॅपटॉप सकाळी नीट चालतो का, हे आधी पाहा. सकाळी चालत असेल तर बिघाड बहुधा मदरबोर्डचा नसून उष्णतेचा आहे. दुकानात जाण्याआधी ही एक गोष्ट तपासली तरी आपली फसवणूक टळू शकते.

दुसरं कारण धूळ. आपला हा धानपट्टा आहे. मळणीच्या दिवसांतली धूळ, राइस मिलचा कोंडा, चुलीचा धूर आणि घरातल्या गाद्यांचा कापूस, हे सगळं पंखा आत ओढतो. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये हळूहळू थर तयार होतो. पंखा जोरात फिरतो, आवाज करतो, पण हवा बाहेर पडत नाही.

तिसरं कारण घराची बांधणी. जुन्या कवेलूच्या घरात उष्णता वर निघून जाते. टिनाखाली किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखाली दुपार सहन होत नाही आणि स्लॅब तर रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. अभ्यासाची खोली वर असेल तर उन्हाळ्याचे दोन-तीन महिने लॅपटॉप खालच्या खोलीत आणलेला बरा.

किती तापमान म्हणजे जास्त?

बाहेरून हात लावून अंदाज येत नाही. धातूचं आवरण असेल तर लॅपटॉप ठीक असूनही गरम लागतो, कारण ते आवरण आतली उष्णता बाहेर काढतं. जाड प्लास्टिकचा लॅपटॉप बाहेरून थंड वाटतो आणि आत भट्टी असू शकते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूमॉनिटर, कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यांपैकी एखादा मोफत प्रोग्राम त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. आकडे साधारण असे समजा :

- ४० ते ६० अंश : वाचन, टायपिंग, एखादी खिडकी उघडी. सगळं ठीक.
- ६० ते ८५ अंश : व्हिडिओ वर्ग, बरीच कामं एकत्र, एडिटिंग. चालण्यासारखं.
- ८५ ते ९५ अंश : थोडा वेळ चालतं. तास-तासभर असंच राहिलं तर हवा, धूळ आणि कामाचा भार तपासा.
- ९५ च्या वर सतत : काम थांबवा. फाइल जतन करा आणि लॅपटॉपला विसावा द्या.

पहिली पायरी : बिनपैशाचे उपाय

खर्च करण्याआधी हे करून पाहा. निम्म्या घरांची अडचण इथेच सुटते, असा आमचा अनुभव आहे.

*जागा बदला.* बहुतेक लॅपटॉप खालच्या बाजूने हवा ओढतात आणि मागून किंवा बाजूने सोडतात. गादीवर ठेवला की खालची भोकं बंद. नाक दाबून धावायला सांगितल्यासारखं होतं ते. टेबल, लाकडी पाट, अगदी फरशीचा सुटा तुकडाही चालतो. मागची बाजू थोडी उचलली तर हवा अधिक खेळते. त्यासाठी सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या किंवा बाटलीची चार झाकणं पुरतात. फक्त ती भोकांखाली येऊ देऊ नका. लॅपटॉपच्या मागे भिंत असेल तर वीतभर अंतर सोडा.

*मांडीवर ठेवू नका.* नाव 'लॅप'टॉप असलं तरी जड काम चालू असताना तो मांडीवर ठेवणं बरं नाही. रोज तासन्तास उष्णता लागल्याने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. २०१० साली बालरोगाच्या 'पेडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी एका १२ वर्षांच्या मुलाची अशी नोंद केली होती. तो काही महिने रोज लॅपटॉप मांडीवर घेऊन गेम खेळत असे.

*वेळ बदला.* मे महिन्यात घर सर्वांत थंड असतं ते पहाटे. फजरनंतरचे दोन-तीन तास जड कामासाठी सोन्यासारखे आहेत. सराव परीक्षा, व्हिडिओ एक्सपोर्ट, मोठं डाउनलोड, विंडोज अपडेट हे सगळं तेव्हा करा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने एवढंच बदललं. कापणं-जोडणं दिवसा आणि शेवटचं एक्सपोर्ट पहाटे. त्याचा लॅपटॉप आता मध्येच बंद पडत नाही.

*कूलर नीट वापरा.* कोरड्या उन्हाळ्यात कूलरने खोली चांगली थंड होते आणि लॅपटॉपलाही त्याचा फायदा मिळतो. पण कूलरच्या झोतात पाण्याचे बारीक थेंब येत असतील तर धोका आहे. एक सोपी परीक्षा करा. लॅपटॉप ठेवायच्या जागी स्टीलची कोरडी थाळी दहा मिनिटं ठेवा. तिच्यावर थेंब दिसले तर जागा बदला. खोलीत एखादी खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर ओल साचते आणि कूलरही काम करत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग राहत नाही. तेव्हा साधा पंखाच बरा.

*लाइन गेली तर.* पंखा-कूलर बंद होतात, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतो आणि खोली तापत जाते. अशा वेळी जड काम थांबवा, फाइल जतन करा. लाइन येईपर्यंत वाचन-लेखन ठीक.

*झाकण लावणं म्हणजे बंद करणं नव्हे.* झोपेच्या अवस्थेतला लॅपटॉप बॅगेत भरला तर कधी कधी तो आतच जागा होतो आणि काम सुरू करतो. बॅगेत हवा नसते. प्रवासाआधी तो 'शट डाउन' करा. नागपूरला किंवा गडचिरोलीला जाताना उन्हात उभ्या गाडीत, डिकीत लॅपटॉप ठेवू नका. बंद गाडीच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. उन्हातून घरी आणलेला लॅपटॉप अर्धा तास सावलीत ठेवून मगच सुरू करा.

दुसरी पायरी : कामाचा भार कमी करा

प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून भार कमी म्हणजे ताप कमी.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'सीपीयू' या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत जास्त भार टाकणारा प्रोग्राम वर येतो. आम्ही शाळेतल्या एका लॅपटॉपवर पाहिलं तर त्यात दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू होते. एक काढला आणि पंख्याचा आवाज निम्मा झाला. विंडोजमध्ये डिफेंडर आधीच असतं, घरगुती वापराला ते पुरतं.

ब्राउझरच्या वीस-पंचवीस खिडक्या उघड्या ठेवण्याची सवय मोडा. ऑनलाइन वर्ग लहान स्क्रीनवर पाहताना व्हिडिओ १०८० ऐवजी ४८० किंवा ७२० वर ठेवा. फळा वाचता येतो आणि भारही कमी होतो. गेम खेळणाऱ्या मुलांना ग्राफिक्स 'मीडियम' करायला आणि फ्रेमची मर्यादा ६० किंवा ३० ठेवायला सांगा. गेम बंद करायला लावण्यापेक्षा हे लवकर ऐकतात.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग पॉवर इथे 'पॉवर मोड' असतो. उन्हाळ्यात तो सर्वांत कमी वीज वापरणाऱ्या पर्यायावर ठेवा. थोडी अधिक माहिती असणाऱ्यांसाठी आणखी एक युक्ती आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांऐवजी ९९ केली की अनेक लॅपटॉपमध्ये 'टर्बो' वेग बंद होतो. वेग थोडा कमी होतो, तापमान बरंच उतरतं. सगळ्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. दिसला नाही तर शोधत बसू नका.

फुकटचे 'क्रॅक' प्रोग्राम हा तर वेगळाच ताप आहे. त्यांच्यासोबत कधी कधी असे लपलेले प्रोग्राम येतात, जे आपल्या लॅपटॉपवर दुसऱ्याच कोणासाठी आभासी चलनाचं काम करत राहतात. आपण काहीच करत नसताना पंखा जोरात फिरतो, तेव्हा ही शंका घ्या. पूर्ण व्हायरस तपासणी करा.

तिसरी पायरी : धूळ आणि पेस्ट

वॉरंटी असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. नसेल तर बाहेरची जाळी घरी साफ करता येते. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा किंवा हवेचा डबा घेऊन जाळीवर थोडा थोडा झोत द्या. भोकातून पंखा दिसत असेल तर टूथपिकने त्याचं पातं हलकेच अडवा, कारण झोताने पंखा अति वेगाने फिरला तर बिघडू शकतो.

तीन गोष्टी टाळा. तोंडाने फुंकू नका, ओल आत जाते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावू नका. त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं, शिवाय दाब फार असतो. घरातला व्हॅक्युम क्लीनरही नको, त्याने स्थिर वीज तयार होते.

बाहेरून फुंकल्याने हलकी धूळ जाते. आतला थर मात्र उघडूनच काढावा लागतो. ते काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या. त्याच वेळी थर्मल पेस्टही बदलून घ्या. प्रोसेसर आणि तांब्याचा पत्रा यांच्यातली बारीक फट ही पेस्ट भरते. काही वर्षांत ती वाळते आणि उष्णता पुढे जात नाही. पेस्ट अगदी थोडी, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढी लागते. जास्त थापली तर फायदा नाही. काही जण टूथपेस्ट लावून वेळ मारून नेतात. ती वाळते आणि आधीपेक्षा वाईट होतं.

मेकॅनिकला हे विचारा :

- आमच्यासमोर उघडाल का?
- पंखा बदलायचा की फक्त साफ करायचा? बदलला तर जुना परत द्याल का?
- पेस्ट कोणती लावणार?
- काम झाल्यावर अर्धा तास चालवून तापमान दाखवाल का?

या चार प्रश्नांना नीट उत्तर देणारा मेकॅनिक जपून ठेवा. आणि लॅपटॉप देण्याआधी घरातली कागदपत्रं, मार्कशीट, दाखले, फोटो यांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्या. खासगी फोटो असलेला लॅपटॉप दुकानात रात्रभर सोडू नये, हे विशेषतः मुलींना सांगून ठेवा.

कूलिंग पॅड घ्यावा का?

लॅपटॉप खालून हवा ओढत असेल तर पंख्याच्या पॅडने काही अंशांचा फरक पडतो. पण तो खोलीचीच हवा फुंकतो, हे विसरू नका. ४३ अंशांच्या खोलीत तो चमत्कार करणार नाही. आत धूळ असेल तर पॅडवर खर्च करण्याआधी सफाई करा. खालच्या बाजूला भोकंच नसतील तर पॅडऐवजी साधा तिरका स्टँड पुरे.

चार्जर आणि वीज

चार्जर मूळ कंपनीचा किंवा त्याच व्होल्ट-वॉटचा, खात्रीचा असावा. तो गरम होणारच, पण हात ठेवता येणार नाही इतका गरम झाला किंवा जळका वास आला तर वापर थांबवा. उशीखाली, गादीखाली चार्जर ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे थोडी कमी-जास्त वीज तो सहन करतो. वादळातल्या विजेचा झटका मात्र सहन करू शकत नाही. मे-जूनमधल्या वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवा.

लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच राहत असेल, जसं सेवा केंद्रांत राहतो, तर बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवणारं सेटिंग सुरू करा. लेनोव्होच्या व्हँटेजमध्ये, आसुसच्या मायआसुसमध्ये ते असतं. इतर कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्येही सापडतं. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता, ही जोडी बॅटरीचं आयुष्य सर्वांत लवकर संपवते.

फुगलेली बॅटरी : इथे हयगय नको

आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टींत चूक झाली तर पैसे जातील. इथे चूक झाली तर घराला आग लागू शकते.

लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने आणि वयाने आतून बिघडते, तिच्यात वायू तयार होतो आणि ती फुगते. ओळखायचं कसं? टचपॅड वर आल्यासारखा वाटतो किंवा दाबला जात नाही. कीबोर्ड मधोमध उचललेला दिसतो. झाकण नीट बसत नाही. टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगतो. कधी गोडसर, रसायनासारखा वास येतो.

असं दिसलं की :

१. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. 'फक्त एक फाइल काढतो' म्हणून पुन्हा चार्जिंगला लावू नका.
२. फुगलेला भाग दाबू नका, टोचू नका. हवा काढायला सुई लावणं सर्वांत घातक.
३. मुलांपासून दूर, सावलीत, फरशीवर ठेवा. आजूबाजूला कपडे, कागद, गॅस नको.
४. लवकरात लवकर सेवा केंद्रात किंवा मेकॅनिककडे नेऊन बॅटरी काढून घ्या.
५. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, जाळू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेवा केंद्रात ती घेतात का, हे विचारा.

धूर निघू लागला तर हातात घ्यायचं धाडस करू नका. सर्वांना बाहेर काढा, जमल्यास मेन स्विच बंद करा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. तो धूर विषारी असतो.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हा धोका चुकलेला नाही. २००६ साली डेलने सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. २०१९ मध्ये ॲपलने १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही जुन्या बॅटऱ्या परत मागवल्या, तेव्हा आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही ते मॉडेल विमानात नेऊ नये अशी सूचना केली. उमराह किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं : सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायच्या असतात, चेक-इन बॅगेत नाही. लॅपटॉपही जवळच ठेवलेला बरा. फुगलेली बॅटरी तर नेऊच नये.

जुना किंवा नवा लॅपटॉप घेताना

घरात जड काम होणार असेल तर फार पातळ लॅपटॉपच्या मोहात पडू नका. पातळ आवरणात हवा कमी खेळते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'यू' असेल तर तो साधारण १५ वॉटचा, 'एच' असेल तर ४५ वॉटचा समजा. अभ्यास, अर्ज, टायपिंग यांना 'यू' पुरतो आणि तो कमी तापतो. एडिटिंगला 'एच' हवा, पण मग दोन पंख्यांचा जाड लॅपटॉप घ्या. वापरलेला लॅपटॉप घेताना दुकानात वीस मिनिटं व्हिडिओ चालवा, पंख्याचा आवाज ऐका, मागून गरम हवा जोरात येते का ते हात धरून पाहा. हवा येतच नसेल तर पंखा बंद आहे किंवा जाळी बुजली आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पंखा जोरात आवाज करतो, म्हणजे बिघडला का?* नाही. जड कामात आवाज येणारच. पण काही काम नसताना आवाज, किंवा घासल्यासारखी घरघर येत असेल तर दाखवा.

*पंखा अजिबात वाजत नाही, हे चांगलं ना?* लॅपटॉप गरम आहे आणि पंखा शांत आहे, तर ते वाईट. लगेच तपासा. काही पातळ लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो, ते आधी माहीत करून घ्या.

*लवकर थंड करायला पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला तर?* बाहेर काढताच आत दव धरतं आणि शॉर्ट होतो. बंद करून पंख्याखाली कडक जागेवर ठेवा, पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

*ऑनलाइन परीक्षा दुपारचीच आहे. काय करावं?* आदल्या दिवशी अपडेट उरकून घ्या. परीक्षेआधी तासभर लॅपटॉप बंद ठेवा. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, टेबलावर, मागची बाजू उचलून बसा. परीक्षेशिवाय सगळं बंद. बॅटरी आधीच भरलेली असू द्या, म्हणजे लाइन गेली तरी पेपर अडणार नाही.

*कीबोर्डवरचं रबरी कव्हर ठेवावं का?* धूळ-पाण्यापासून वाचवतं, पण काही लॅपटॉप कीबोर्डमधूनही उष्णता सोडतात. जड कामाच्या वेळी काढून ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक

फेब्रुवारीत, धानाची धूळ बसल्यावर आणि उन्हाळा लागण्याआधी, आतली सफाई. पेस्ट दर दोन-तीन वर्षांनी. मार्च ते जून जागा आणि वेळ सांभाळायची. जूनमध्ये वादळात प्लग काढायचा. पावसाळ्यात लॅपटॉप आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवायचा, म्हणजे ओल धरत नाही. दर महिन्याला एकदा टचपॅड आणि झाकण पाहून बॅटरी तपासायची. आणि दर आठवड्याला कागदपत्रांची प्रत काढायची. ती असली की लॅपटॉप गेला तरी मुलांचं वर्ष जात नाही.

आमच्या घरी आता लॅपटॉपच्या टेबलावर एक जुनी फरशी आणि दोन लाकडी पट्ट्या कायमच्या आहेत. गादीवर लॅपटॉप दिसला की धाकटाच ओरडतो. मुलगी पहाटे अभ्यासाला बसते. सराव परीक्षा तिने त्याच लॅपटॉपवर पूर्ण केल्या. तुमच्याही घरी लॅपटॉप दुपारी बंद पडत असेल तर नवा घेण्याआधी एकदा सकाळी चालवून पाहा, आणि दुकानदाराला म्हणा, "आमच्यासमोर उघडा."